एच टू ओ आणि आमचे पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

रसायनशास्त्राशी आम्हा कला शाखेच्या मंडळींचे नाते दहावीच्या निकालाबरोबर संपते. आवर्तसारणी विसरते, आम्ले विसरतात, आणि रात्ररात्र जागून पाठ केलेली समीकरणे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कुठे जातात ते देवच जाणे! एक सूत्र मात्र कुणाच्याच डोक्यातून जात नाही. कॅन्टीनमध्ये बसलेला एखादा बहाद्दर ओरडतो, "अरे, दोन ग्लास एच टू ओ आण रे!" आणि दहावीनंतर ज्याने विज्ञानाचे पुस्तक रद्दीत घातले, तोही बरोबर पाण्याचाच जग उचलतो. तो कधी साखर आणत नाही की सोडा आणत नाही. 'एच टू ओ' हा आता मराठी शब्दच झाला आहे, असे मला वाटते. विनोद म्हणून आला आणि घरातलाच होऊन बसला.

मला मात्र दोन सूत्रे आठवतात. दुसरे एनएसीएल, म्हणजे मीठ. त्याला कारण आमचे गाव. मी पेण तालुक्याच्या खारेपाटातली. धरमतरची खाडी आणि तिचे लहानमोठे फाटे यांच्या काठचा हा सखल पट्टा. मातीचे बांध घालून आमच्या पूर्वजांनी खाडीकडून जमीन मिळवली, तिच्यात भात पिकवले, आणि जिथे भात पिकेना तिथे मिठागरे केली. आगरात राबणारे ते आगरी. तेव्हा आमच्या गावाचा हिशेब या दोन सूत्रांतच मांडता येतो. पहिले हवे असते तेव्हा मिळत नाही आणि दुसरे नको असते तिथे येऊन बसते!

या सूत्राच्या मागे लागण्याचे कारण असे की, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडले, कागद आला, औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षर दिसले, की हाक मला. "तू शिकतेस ना, सांग मग!" मी मराठी विषय घेऊन शिकते आहे, क्लोरीन आणि क्लोराईड यांतला फरक मला येण्याचे कारण नाही, हे आमच्या आजीला पटत नाही. शिकलेल्याला सगळे यावे, असा तिचा सरळ हिशेब आहे. म्हणून मी लायब्ररीत बसून जे वाचले ते आधी थोडक्यात सांगते.

पाणी हे एक मूळ तत्त्व आहे, असे जग हजारो वर्षे मानत होते. आपल्याकडच्या पंचमहाभूतांत ते होते, ग्रीकांच्या चार तत्त्वांतही होते. मग १७८१ च्या सुमारास इंग्लंडातल्या हेन्री कॅव्हेंडिशने एक ज्वालाग्राही वायू जाळला आणि भांड्याच्या आतल्या बाजूला दव जमलेले पाहिले. ते पाणी होते. १७८३ साली फ्रान्सच्या लाव्हाझिएने सांगून टाकले की, पाणी हे मूलतत्त्व नव्हेच, ते दोन वायूंचे संयुग आहे. त्या ज्वालाग्राही वायूला नाव मिळाले 'हायड्रोजन', म्हणजे पाणी जन्माला घालणारा. मराठीत कुणा जाणत्याने त्याला 'उद्‌जन' म्हटले. उदकातला 'उद्' घेतला आणि ग्रीकांची कल्पना जशीच्या तशी आपल्या अंगणात आणली. असे शब्द घडवणाऱ्यांची नावे कुणी लक्षात ठेवत नाही, याचे मला वाईट वाटते.

गंमत पुढेच आहे. पाण्यात कोणते दोन वायू ते कळले, तरी सूत्रातला तो 'टू' लगेच सापडला नाही. जॉन डाल्टनने पाण्याचा कण एका हायड्रोजनचा आणि एका ऑक्सिजनचा धरला. म्हणजे त्याच्या हिशेबाने कॅन्टीनमध्ये 'एच ओ' मागवावे लागले असते! गे-ल्युसॅकने मोजून दाखवले की दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन लागतो. १८११ साली ॲव्होगॅड्रोने त्याचा अर्थही लावला. पण तो जगाने मानायला १८६० साल उजाडले. त्या वर्षी जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन गृहस्थांनी ती बाजू मांडली. एक 'दोन' ठरायला पन्नास वर्षे! आणि आम्हाला तो आठवीत एका तासात पाठ करायचा असतो.

तर असे हे सूत्र. आता त्याचा आमच्या पेणशी संबंध काय? आहे. माझा भाऊ जोह्याच्या एका गणपतीच्या कारखान्यात काम करतो. जोहे, हमरापूर, कळवे ही आमच्या तालुक्यातली गावे वर्षभर गणपती घडवत असतात. तिथे शाडू आणि प्लॅस्टर दोन्ही हाताळणारा माणूस पाण्याविषयी जे जाणतो ते माझ्या पुस्तकात नीट आले नव्हते. शाडू पाण्याने मऊ होतो, वाळला की घट्ट होतो आणि पुन्हा पाण्यात गेला की विरून जातो. प्लॅस्टरचे उलटे. पाणी लागले की ते दगड होते आणि मग पाण्याला दाद देत नाही. भाऊ म्हणतो, "प्लॅस्टर पाणी पिते." मी हे खरे तर म्हणण्याची रीत समजत होते, पण ते अक्षरशः खरे आहे. प्लॅस्टरमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या दोन रेणूंमागे पाण्याचा एकच रेणू असतो. भिजवल्यावर ते आणखी पाणी ओढून घेते आणि प्रत्येक रेणूमागे दोन रेणू पाणी धरून बसते. ते पाणी ओले नसते. स्फटिकात बसलेले असते, म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. शाळेत मोरचूद तापवून पांढरे झालेले दाखवले होते, त्यातून निघून गेले ते हेच. म्हणजे कोरड्या ठणठणीत मूर्तीतही पाणी आहे! भावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग त्यासाठी कॉलेजात कशाला जायला हवे होते?"

घरातल्या भाषेकडे मी लक्ष देऊ लागले ते असे. आमच्या घरात नुसते 'पाणी' फार कमी वेळा असते. चुलीवर भातासाठी उकळत ठेवले की ते आधण. आंघोळीच्या कढत पाण्यात सोसेल इतके थंड घातले की ते विसण. तांदूळ धुतले की धोवण, आणि ते फेकायचे नाही, ते गुरांना. तोंडात घेऊन टाकली की चूळ, देवापुढे पळीत घेतले की तीर्थ, मेलेल्याच्या नावाने सोडले की उदक. सूत्र एकच, आणि नावे पाहा किती! बरे, यातल्या एकाचेही नाव दुसऱ्याला चालत नाही. विसण उकळत नाही आणि आधणाने कुणी आंघोळ करत नाही. इंग्रजीच्या तासाला 'विसण'ला काय म्हणतात असे मी विचारले होते. सरांनी थोडा वेळ विचार केला आणि हसून पुढचा धडा काढला.

याशिवाय पाण्याला वय असते. रात्रभर राहिलेले पाणी शिळे. ते पिण्याच्या हंड्यातून काढून वापरायच्या बादलीत ओतायचे, हा नियम. पाणी शिळे कसे होईल, त्यात नासण्यासारखे काय आहे, असा वाद मी एकदा घातला. पण पाणी दर चौथ्या दिवशी येऊ लागल्यापासून आजीने हा नियम गुपचूप सोडून दिला आहे. आता चार दिवसांचे पाणीही ताजेच. 'शिळे पाणी' हा शब्द ज्या घरात रोज ताजे मिळते त्या घराचा आहे, हे मला त्यावरून कळले.

आणि चव! सूत्रात चव नाही. शाळेच्या पुस्तकात पाणी 'रंगहीन, गंधहीन, चवहीन' असते. ते वाक्य खारेपाटात शिकवताना मास्तरांना काय वाटत असेल कोण जाणे. आमच्याकडे पाणी गोडे असते, खारे असते, आणि या दोघांच्या मध्ये मचूळ असते. मचूळ म्हणजे काय ते शहरातल्या मैत्रिणीला सांगणे अवघड आहे. मीठ लागते म्हणावे तर लागत नाही, तहान भागली म्हणावे तर भागत नाही. त्यात डाळ शिजत नाही, चहा फसतो, साबणाला फेस येत नाही. आजी घोटभर पाणी जिभेवर फिरवते आणि सांगते, "भरतीचे दिवस आहेत, विहीर मचूळ झाली." पौर्णिमा-अमावास्येला खाडी वर चढते, याचा हिशेब तिच्या जिभेत आहे.

आता 'पाणी आले' या दोन शब्दांची हकीगत सांगते. गेल्या वर्षी मी एक दिवस कॉलेजला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून दिला. कारण लिहिले होते: 'घरी पाणी आल्यामुळे.' आमचे एक सर तेव्हा नवीन होते, घाटावरून आलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि चेहरा गंभीर करून विचारले, "फार नुकसान झाले का? माणसे सुखरूप आहेत ना?" वर्गात हशा पिकला. त्यांना महापूर वाटला होता, आणि वाटणारच. याच जिल्ह्यात १९८९ च्या जुलैत अंबा नदीचे पाणी जांभूळपाड्यात शिरले तेव्हाही लोक 'पाणी आले' असेच ओरडले असतील. २०२१ च्या जुलैत महाडच्या बाजारपेठेतही तेच दोन शब्द. माझ्या अर्जातले पाणी मात्र नळाला आले होते, चौथ्या दिवशी, आणि त्या दिवशी आई भाताच्या कापणीवर होती. घरी कुणीतरी हंडे लावायला हवे होते.

माझी आजी हेच शब्द म्हणते तेव्हा तिसरेच पाणी येते. आमच्या शेतांना खाडीकडून मातीचे बांध आहेत. बांधात उघाडी असते. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. उधाणाच्या रात्री बांध कुठेतरी फुटतो. त्याला खांड जाणे म्हणतात. एकदा खांड गेली की समुद्र शेतात. तासाभरात सगळे शांत होते, वरून पाहिले तर शेतात छान आभाळ दिसते. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पाणी ओहोटीबरोबर निघून जाते, मीठ राहते, आणि दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने जमीन धुतल्याशिवाय भाताचे रोप धरत नाही. आजीच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी खांड गेली ती घरची सगळी खाचरे घेऊन गेली. त्या रात्री कुणीतरी गावातून ओरडत गेले होते, "पानी आयला! पानी आयला!" आजही नळाला पाणी आले की आळीतली पोरे तसेच ओरडतात. पोरे आनंदाने ओरडतात. आजी मात्र प्रत्येक वेळी एक क्षण थांबते. मी ते पाहिले आहे.

मराठीचा शब्दकोश उघडून 'पाणी' पाहिले तर पान संपत नाही. कुणाच्या तोंडचे पाणी पळते, कुणाच्या तोंडाला सुटते. कुणी कुणाला पाणी पाजतो, कुणी कुणाचे पाणी जोखतो. बेतावर पाणी पडते, रक्ताचे पाणी होते, कुठेतरी पाणी मुरते. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस हुशार. ज्याच्या वाट्याला एकाच गावचे मचूळ पाणी आले त्याचे काय, ते कोश सांगत नाही. मोत्याला पाणी असते, डोळे पाणीदार असतात, लोहार विळ्याला पाणी देतो. सरकारी टेबलावर 'चहापाणी' असते आणि त्यात चहाही नसतो नि पाणीही नसते! यात एच टू ओ शोधायला जाणारा वेडाच ठरेल.

पण यातल्या काही म्हणी आमच्या गावात लंगड्या पडतात. 'पाण्यासारखा पैसा खर्च करणे' हा वाक्प्रचार नदीकाठच्या माणसाने केला असला पाहिजे. आमच्या आजीच्या तोंडी तो उलटा आहे. मी भांडी घासताना तांब्या जरा सढळ हाताने ओतला की ती म्हणते, "पैशासारखा पानी वापर गो!" तसेच 'पाणिग्रहण'. मराठीच्या तासाला सरांनी बजावून सांगितले की, यातला 'पाणि' ऱ्हस्व, त्याचा अर्थ हात, पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. सरांचे बरोबरच आहे. पण खारेपाटात लग्न होऊन आलेल्या मुलीचा हात दुसऱ्या दिवशी हंड्यालाच लागतो. आमच्याकडे मुलगी द्यायला वरच्या गावचे लोक का कचरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बैठकीत कुणीही त्याचा उच्चार करत नाही. 'जरा लांब पडते,' एवढेच म्हणतात.

माझ्या आजोळच्या दोन बहिणींपैकी आई खारेपाटात आली आणि मावशी रोह्याकडे गेली. दिवा-रोहा गाडीने पेणहून कासू, नागोठणे करीत रोह्याला उतरले की मला पहिली गोष्ट जाणवते ती कुंडलिकेची. ऐन मे महिन्यात वाहणारी नदी! मावशीच्या अंगणात दोन पिंपे नेहमी भरलेली असतात आणि ती झाकलेलीसुद्धा नसतात. लहानपणी मला हे श्रीमंतीचे लक्षण वाटे.

पण ते पाणी मुळात रोह्याचे नाही, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. ते मुळशीचे. मुळा नदी आपल्या मार्गाने गेली असती तर भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला मिळाली असती. टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण बांधले, पाणी सह्याद्रीच्या पोटातून या बाजूला वळवले आणि ते कड्याखाली भिऱ्याला आणून वीज केली. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले. धरणात जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ पासून तीन वर्षे सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. जमिनी वाचल्या नाहीत. वीज मुंबईला गेली आणि वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत उतरले, ते डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून, रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. मुंबईला विजेची गरज असेल तसे भिऱ्याला पाणी सुटते आणि नदी चढते-उतरते. कोलाडला होड्यांतून उड्या मारायला येणारी शहरी मंडळी त्या सुटण्याच्या वेळेवर घड्याळ लावून असतात. मावशीची भरलेली पिंपे आणि मुळशीची बुडालेली खाचरे यांच्यामध्ये एक बोगदा आहे, एवढेच.

मावशीच्या सासऱ्यांचे या पाण्यावर मात्र प्रेम नव्हते. ते म्हणत, "त्यातली वीज काढून घेतलेली आहे. त्यात आता राम नाही." दही घुसळून लोणी काढल्यावर ताक उरावे, तसे त्यांना ते पाणी वाटे. आमच्या गावातही ट्यूबवेलच्या पाण्याविषयी असेच काहीबाही बोलतात. इथे मी सूत्राच्या बाजूने आहे. भिऱ्याच्या यंत्राने पाण्यातून काही काढलेले नाही; दोनाचा एक झाला नाही आणि एकाचा अर्धा झाला नाही. उंचावरून पडण्यात जो जोर होता तेवढाच त्याने घेतला. वर होते ते खाली आले. आजोबांना मी हे सांगितले असते तर ते म्हणाले असते, "अगं, मग तोच तर राम!" आणि माझ्याजवळ उत्तर नसते. रोह्याशी ज्यांचे नाते होते त्या चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांनी, कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. त्यात कवी स्वतःच कबूल करतो की, मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचे नुसते गाठोडे; त्याने निरोप कसा न्यावा? आणि तरीही पुढे निरोप पाठवतोच. कालिदासाला सूत्र ठाऊक नव्हते, पण शंका ठाऊक होती.

भिऱ्याला वीज सुरू झाली त्याच १९२७ साली, याच जिल्ह्यात, महाडला २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव त्याआधीच, १९२४ साली, झालेला होता. तरी मागाहून सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून भरलेल्या घागरी त्यात ओतल्या. पाणी बाटले होते म्हणे. न्यायालयात निकाल लागायला १९३७ साल आले. दहावीला हा धडा होता आणि त्याच आठवड्यात विज्ञानाच्या तासाला पाण्याचे सूत्र होते. माझ्या मनात तेव्हा आले ते असे: तो माणूस पाणी प्यायला त्यापूर्वी सूत्र काय होते आणि नंतर काय झाले? 'बाटणे' हे क्रियापद बसवायला त्या तीन अक्षरांत जागाच नाही. म्हणून मला हे सूत्र आवडते. आमच्या गावात टँकर येतो तेव्हा रांग एकच असते. याचे मी कौतुक सांगत नाही. ते मनाने केलेले नसून टंचाईने केलेले आहे.

आता कागदाचे सांगते. या उन्हाळ्यापूर्वी आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक बोअर मारली. नळाचे पाणी चौथ्या दिवशी, तेही रात्री. तेव्हा गावाचे स्वतःचे काहीतरी असावे, अशी सगळ्यांची इच्छा. पाणी लागले तेव्हा नारळ फोडला. आजीने घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि थुंकला. "जड आहे. मचूळ पण आहे." लोकांना ते आवडले नाही. इतका पैसा घातल्यावर म्हातारीचे कोण ऐकणार?

जड पाणी! हा शब्द ऐकला की मला थळ आठवते. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे, १९८७ साली सुरू झालेला. तिथल्या पाण्याच्या रेणूत साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम बसलेला असतो. साध्या रेणूचे वजन अठरा, तर याचे वीस. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. अणुभट्टीत ते लागते. आजीच्या जड पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिचे पाणी पोटाला जड, डाळीला जड, साबणाला जड. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. एका जिल्ह्यात एका शब्दाची दोन पाणी नांदतात, आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही.

बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. निकालाचा कागद आला तो इंग्रजीत. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या आणि मला मध्ये बसवले. आमच्याकडे पंचायतीला पाण्यासाठी हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड मिळते, ते रंगावरून सगळ्यांना समजते. या कागदाला रंग नव्हता. मी वाचले: कठीणपणा इतका, क्लोराईड इतके, एकूण विरघळलेले क्षार इतके. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे एका लिटरमध्ये क्लोराईड २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावे. आमचा आकडा त्याच्याही पुढे होता. कठीणपणाला अशीच सवलत ६०० पर्यंतची; तिथेही आम्ही पुढेच. खाली शेरा: पिण्यास अयोग्य.

एका काकूंनी विचारले, "पण पाणी तर एच टू ओच असतंय ना? माझा पोरगा म्हणतो." मी म्हटले, "काकू, तेवढेच असते तर बरे झाले असते. त्या सूत्रात मीठ नाही. मीठ पाण्यात आहे." दुसरी म्हणाली, "मंग यो पानी पियाचा का नाय?" मी नाही म्हणून सांगितले. आजी पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. तिने काही म्हटले नाही. पुष्कळ बायका मात्र तिच्याकडे पाहून गेल्या.

नंतर अर्ज लिहायचा ठरला. नळाचे पाणी चौथ्याऐवजी निदान एक दिवसाआड द्यावे, असा. मी लिहिले: 'आमच्या गावातील बोअरचे पाणी जड व मचूळ असून...' सह्या घ्यायला जमलेल्यांपैकी एक गृहस्थ कार्यालयात जाण्यायेण्याचा अनुभव असलेले. ते म्हणाले, "मचूळ काढ. साहेबाला ते कळायचे नाही. आकडा घाल." मी आकडा घातला आणि मचूळही ठेवले. त्यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी शब्द राहिला. खाली साठ-सत्तर सह्या आणि त्यांत अंगठे बरेच. आजीचा अंगठा शाईत जरा जास्त बुडाला, त्यामुळे ती जागा काळी झाली आहे.

अर्ज देऊन सात आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. बोअरवर कपडे धुतात, आणि साबण फार लागतो अशी तक्रार करतात. पाण्याचा दिवस परवा, गुरुवारी आहे. गुरुवारी आमचा भाषाविज्ञानाचा तास असतो. या वेळी अर्जात कारण काय लिहायचे ते सरांना विचारावे लागत नाही. ते स्वतःच विचारतात, "कुठले आले?"